ओव्हनमध्ये आर पडला

मी ओव्हन दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मला बेकरीवाला समजतो. मग मी पिशवीतून पाना आणि टेस्टर काढला की त्याची निराशा होते. इतक्या वर्षांत मला या निराशेची सवय झाली आहे.

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत माझं दुकान आहे. सुरुवात मिक्सर आणि पंख्यांनी झाली. पुढे वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरांमध्ये, बदलून आलेल्या साहेब लोकांकडे ओव्हन दिसू लागले, मग ते बिघडू लागले, आणि ते उघडून बघायची हिंमत करणारा आसपास मी एकटाच निघालो. पहिला ओव्हन उघडला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर स्क्रू काढताना चेहरा गंभीर ठेवायचा, एवढं मिक्सरवर शिकून झालं होतं. तेवढ्यावर पहिलं वर्ष निभावलं.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरगुती ओव्हन म्हणजे एक तापणारी पेटी. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, मध्ये जाळी. एक बटन किती तापायचं ते ठरवतं, दुसरं किती वेळ ते ठरवतं. पेटी पुरेशी तापली की आतला थर्मोस्टॅट करंट तोडतो, निवायला लागली की परत जोडतो. यात बिघडण्याच्या जागा चारच. रॉड, थर्मोस्टॅट, दाराची स्प्रिंग आणि गिऱ्हाईक. चौथ्या जागेला स्पेअर पार्ट मिळत नाही, असं मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायला बसलो आहे.

गिऱ्हाइकांचे नमुने मात्र भेटले खरे. वीज केंद्रात घराएवढे बॉयलर सांभाळणारे एक साहेब होते. त्यांच्या ओव्हनमधून धूर यायचा. त्यांनी मला कागदावर बाण काढून उष्णता कशी वाहते ते अर्धा तास समजावलं. मी मान डोलावली आणि खालचा ट्रे ओढला. त्यात ओव्हनसोबत आलेली माहितीची पुस्तिका होती, कोळसा झालेली. ती काढून ठेवावी हे त्या पुस्तिकेतच लिहिलेलं असणार. गडचिरोलीच्या एका गुरुजींची तक्रार होती की केकला कसला तरी वास येतो. पावसाळाभर त्यात त्यांचे मोजे वाळत होते, हे त्यांच्या सूनबाईंनी मला फाटकापर्यंत पोचवायला येऊन हळूच सांगितलं.

दुरुस्तीनंतर ओव्हन नीट झाला की नाही हे बघायला मी ब्रेडची एक स्लाइस ठेवतो. दोन्ही बाजूंनी सारखी तांबूस झाली की काम झालं. पण पेटीची खरी परीक्षा बेक डिशमध्ये होते. ही मला ऊर्जानगरच्या एका मॅडमनी शिकवली. गाजर, फुलकोबी, वाटाणे, बटाटा असं सगळं अर्धवट उकडायचं आणि पाणी पार निथळू द्यायचं. लोण्यात मैदा परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही, मग थोडं थोडं दूध घालत गुठळी न होऊ देता सरसरीत सॉस करायचा. मीठ, मिरपूड. भाज्या त्यात घोळून काचेच्या भांड्यात लावायच्या, वर किसलेलं चीज भरपूर, आणि पेटीत. वरचं चीज फुगून त्यावर तांबूस डाग पडले, कडेनं सॉस खदखदला, की उतरली. मी पहिल्यांदा घरी केली तेव्हा माझी बायको रशिदा एक घास खाऊन म्हणाली, "इसमें मिर्ची डालना भूल गए क्या?" आता तीच ईदला करते आणि शेजारी वाटी पाठवताना आपल्या नावावर खपवते.

तर वनिताबाई. दिवाळी नुकतीच झाली होती. जंगलाच्या कडेच्या मोहर्ली गावाच्या बसनं एक बाई आणि तिचा नवरा दुकानात आले. बाई पुढे, नवरा दोन पावलं मागे, हाताची घडी घालून.

"सलीमभाऊ तुमीच का जी? मले चीजवाली भाजी भाजाची पेटी पायजे."

पर्यटकांसाठी त्यांनी घराला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. नागपूरच्या एक ताई मुलाबाळांची कुटुंबं घेऊन वाघ बघायला यायच्या. त्या येऊन या खोल्या बघून, जेवून गेल्या होत्या.

"वांग्याची भाजी, वरन-भात, सगळं आवडलं त्याइले," वनिताबाई सांगू लागल्या. "पन म्हने शहरातले लेकरं तिखट खात नाई, उपाशी झोपते. एक बेक डिश जमली पायजे म्हने. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येतो म्हने, दोन घरचे लोकं आनतो, जेवतो, न मंग ठरवतो. जमली तं हिवाळाभर पाव्हने माह्या घरी. नाई तं गावात दुसऱ्याच्या घरी."

"नाई जमली तं मिरची हायेच," मागून नवरा, रामदासभाऊ, म्हणाला.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धान कापून झालं की आमच्या भागातली गावंच्या गावं तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादमाची गाडी येते, लोक बिऱ्हाड घेऊन चढतात, महिना-दोन महिने शेतात पाल टाकून राहतात. हातांची आग होते, डोळ्यांची होते.

"मागच्या वर्षी पोरीले संग नेलं," वनिताबाई म्हणाल्या. "शाळा बुडली. चौथीत हाये ते. वापस आली तं मास्तर म्हने, हिले काईच येत नाई. औंदा तिले बी नाई नेत न मी बी नाई जात. तुमी पेटी द्या फक्त."

बदली होऊन गेलेल्या एका साहेबांचा ओव्हन माझ्याकडे होता. मी तो खोलून, साफ करून, रॉड नवे टाकून ठेवला होता. तो त्यांना दिला. "सलीमच्या दुकानातून गेलेली पेटी परत येत नाही," हे माझं ठरलेलं वाक्यही दिलं. रशिदानं त्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेऊन सॉस करून दाखवला. वनिताबाईंनी एकदाच पाहिलं आणि दुसरा स्वतः केला, एक गुठळी नाही. डिश पेटीत ठेवायची वेळ आली आणि रामदासभाऊनं बस चुकेल म्हणून घाई केली. मी ओव्हन बांधता बांधता सांगितलं, "एकच लक्षात ठेवा. आधी पेटी तापवायची, मग डिश ठेवायची. बाकी सगळं पेटी करते."

या वाक्यानं पुढे माझी अब्रू जवळजवळ घालवली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "सलीमभाऊ, चीज पिघलते पन लाल नाई होत. खाली भाजी गिचका होऊन राह्यली."

मी मोटारसायकल काढून मोहर्ली गाठलं. मीटर लावला, व्होल्टेज ठीक. पेटी तापवली, स्लाइस ठेवली, बिस्किटासारखी खरपूस निघाली. मी म्हणालो, भाजीतलं पाणी निथळत नसेल. त्यांनी चाळणीत निथळत ठेवलेली भाजी माझ्यासमोर आणून ठेवली. पाण्याचा थेंब नव्हता. मी विषय बदलला आणि अंधार पडायच्या आत जंगलाचा रस्ता ओलांडायचा आहे असं सांगून निघालो.

दोन दिवसांनी परत फोन, परत मोहर्ली. या वेळी थर्मोस्टॅट बदलला. जुना चांगला होता हे मला माहीत होतं, पण रिकाम्या हातानं परत यायची लाज वाटली. परत स्लाइस ठेवली, परत सुंदर भाजली.

"बेरेड भाजाले नाई घेतली मी पेटी," वनिताबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, रडकुंडीला आल्या होत्या. रामदासभाऊ दारातून म्हणाला, "जुनी पेटी गयात मारली. मी तं म्हन्लंच होतं."

हे मला लागलं. खोटं का बोलू? आयुष्यभर मी पंखे, मिक्सर, गिझर, ओव्हन सगळं हाताळलं, पण 'गळ्यात मारली' असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या रस्त्यावर सांबरं आडवी आली तरी माझं लक्ष नव्हतं. रशिदा म्हणाली, दुसरा ओव्हन देऊन टाका. मी म्हणालो, या ओव्हनमध्ये खोट नाही. ती म्हणाली, "तो फिर खोट किधर है, वो तो देखके आओ." बायकोनं सांगितलेली गोष्ट ऐकायला मला नेहमी थोडा उशीर होतो, पण या वेळी झाला नाही.

रविवारी ती नागपूरची मंडळी येणार होती. शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून मी तिसऱ्यांदा गेलो. पिशवी दाराशी ठेवली आणि चुलीपासून लांब पाटावर बसलो. म्हटलं, "आज मी हात लावणार नाही. तुम्ही रोज करता तसं सगळं करा. मी फक्त पाहतो."

त्यांनी भाज्या उकडल्या, निथळल्या. परसातल्या वालाच्या शेंगाही घातल्या होत्या, कोवळ्या. सॉस केला, मलमलीसारखा. भांड्यात लावला, चीज किसलं. ओव्हनचं बटन फिरवलं. आतले रॉड हळूहळू लाल झाले. वनिताबाई काचेतून बघत होत्या. रॉड चांगले रसरसले, आणि त्यांनी बटन फिरवून ओव्हन बंद केला.

मला वाटलं, चुकून झालं. पण हात न लावायचं ठरलं होतं. त्या शांतपणे बसून राहिल्या. रॉडची लाली उतरत गेली, पार काळे झाले. मग त्यांनी दार उघडलं, डिश आत ठेवली, दार लावलं आणि पदरानं घाम पुसला.

"बंद काऊन केली जी?" मी विचारलं.

"आर पडू द्या लागते ना," त्या म्हणाल्या, जणू मी लहान मूल होतो. "जाळ दिसून राह्यला होता. तुमची बेरेड पतली, ते जाळावर चालते. जाळावर ठेवलं तं वरून करपन न अंदरून कच्चं राहीन. कदी रोडगे नाई भाजले का तुमी?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, आत तेल लावलेले पदर. देवाच्या जेवणाला आमच्याकडे तेच. गोवऱ्या पेटवायच्या आणि जाळ पूर्ण विझू द्यायचा. नुसते निखारे उरले, म्हणजे आर पडला, की त्यात रोडगे ठेवायचे आणि गरम राखेनं झाकायचे. जाळ असताना रोडगा ठेवणारी बाई म्हणजे अडाणी. वनिताबाईंच्या आईनं, आजीनं त्यांना हेच शिकवलं होतं. आणि मी काय सांगून आलो होतो? आधी तापवा, मग ठेवा. त्यांनी शब्दन् शब्द पाळला होता. ठेवल्यानंतर बटन चालू राहू द्या, हे वाक्य मी बोललोच नव्हतो. ऊर्जानगरला ते कधी बोलावं लागलं नव्हतं.

मी हसलो नाही. मला एकदम दुसरीच एक बाई आठवली. सिंदेवाहीकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे ऊर्जानगरला राहायला आलेली. तिचीही हीच तक्रार होती, लाल होत नाही. तिच्याही ओव्हनमध्ये मला काही सापडलं नव्हतं, आणि मी तिच्या नवऱ्यादेखत म्हणालो होतो, "मशीन ठीक आहे, बाईंचा हात बसायचाय." तिनं मान खाली घातली. पुढच्या वेळी त्या घरी गेलो तर ओव्हन नव्हता, भंगारात दिला होता. तिनंही आर पडू दिला असेल का? नक्की दिला असेल. मी पेटी तपासली, तिला विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि माफी मागायला तिचा पत्ता माझ्याकडे नाही.

मी वनिताबाईंना सगळं समजावलं. ही पेटी म्हणजे गोवऱ्या नव्हेत, बटन बंद केलं की हिच्यात निखारा उरत नाही, पत्रा लगेच निवतो. लाल रॉड म्हणजेच हिचा आर. त्यांनी ऐकून घेतलं, डिश बाहेर काढली, पेटी परत तापवली आणि चालू पेटीत डिश ठेवली. मग आम्ही दोघं काचेसमोर बसलो. रामदासभाऊही येऊन मागे उभा होता, जाता जाता बघतोय असं दाखवत.

चीज पसरलं. फुगलं. कडेला बुडबुडे आले. मग मधोमध एक तांबूस ठिपका उमटला, शेजारी दुसरा.

"लाल झाली वो!" वनिताबाई ओरडल्या. "लाल झाली!"

मी काढायला सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. बटन बंद केलं, दार मात्र उघडलं नाही. "आता आर पडू द्या. वरून झालं, अंदरून नाई झालं अजून. पानी हाये त्याच्यात, ते पिऊ द्या भाजीले."

दहाएक मिनिटांनी त्यांनी डिश काढली. मी चमचा घातला. माझ्या घरच्या डिशमध्ये खाली नेहमी पातळ सॉसचं तळं साचतं, त्याला मी नशीब समजत होतो. इथं सॉस भाजीला धरून बसला होता, डिश वर खरपूस, आत लोण्यासारखी मऊ, आणि वालाच्या शेंगेची गोडी वेगळीच. इतकी वर्षं ओव्हन दुरुस्त करतो, पण अशी बेक डिश मी खाल्ली नव्हती. मी तसं तिथंच मोठ्यानं सांगितलं. रामदासभाऊनं एक वाटी खाल्ली, आणि थोड्या वेळानं तीच वाटी घेऊन परत आला.

रविवारी मलाही जेवायला बोलावणं होतं. आठ-दहा माणसं, त्यात चार मुलं. ओसरीवर पंगत बसली. ती नागपूरची ताई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, तिला डिश कशी होते ते बघायचं होतं. चीजवर ठिपके उमटले आणि वनिताबाईंनी बटन बंद केलं.

"अहो, बंद काय केलंत?" ताई म्हणाली. "काढा ना आता, गरम गरम."

"नाई काढत," वनिताबाई म्हणाल्या. "आर पडू द्या, ताई. तुमी बसा तवर."

ताई माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे बघू लागलो. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या बाजूनं बोलायची गरज नसते, एवढं मला शुक्रवारी कळलं होतं.

डिश पानात आली. एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. तिची आई सांगत होती, ही दोन दिवस नुसत्या बिस्किटांवर आहे. त्या मुलीनं आधी वरचं खरपूस चीज बोटानं उचलून खाल्लं. मग चमचा मागितला. मग ताटातलं संपवून थेट भांड्याजवळ जाऊन बसली आणि कडेचं चिकटलेलं खरवडायला लागली. बाकीची तीन मुलं तिच्याशी भांडू लागली. मोठ्यांना जेमतेम चव बघायला मिळाली. ताईनं आपल्या वाट्याचा घास बराच वेळ चावला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वनिताताई, एकच अट. दर मुक्कामाला दोन भांडी करायची. एक मुलांचं, एक आमचं."

वनिताबाई आत गेल्या. मला वाटलं वाढायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून रामदासभाऊ बघायला गेला. बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "रडून राह्यली जी. खुशीनं." मग म्हणाला, "सलीमभाऊ, त्या दिवशी मी जास्तच बोललो." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता की तो अजून चार शब्द बोलला असता तरी चाललं असतं.

तेव्हापासून मी ओव्हन विकला किंवा दुरुस्त केला की गिऱ्हाइकाला आधी एक डिश करायला लावतो आणि गप्प बसून बघतो. वर लाल झाली की बंद करून आर पडू द्या, हेही सांगतो. ऊर्जानगरच्या मॅडम लोकांना 'आर' शब्द समजावून सांगावा लागतो, मग त्या वहीत लिहून घेतात.

संक्रांतीनंतर मोहर्लीला एका रिसॉर्टचा मोठा ओव्हन बघायला गेलो होतो. सकाळी वनिताबाईंच्या घरावरून जाताना थांबलो. अंगणात पाहुण्यांच्या चपला, दोरीवर परक्या मुलांचे स्वेटर. एवढ्यात मिरचीला जाणारी गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिली. मागे माणसं, गाठोडी, भांडी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि पुढे बसलेला मुकादम ओरडला, "चाला ना वो वनिताबाई! तुमच्या दोघाइची जागा ठेवली!"

वनिताबाई हातातलं फडकं तसंच घेऊन दारात आल्या.

"औंदा नाई," त्या म्हणाल्या. "माह्या घरी पाव्हने हायेत."

त्यांची मुलगी दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली होती. गाडी निघेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, गाडीत मागे बसलेल्या मैत्रिणीला हात हलवला, आणि गाडी गेल्यावर रस्ता ओलांडून शाळेत गेली.